चित्रकार साल्वादोर दालीच्या पलीकडचा सर्रिअलिझम (स्वप्नासारखी, अशक्य दृश्यं रंगवणारी कलाशैली) पाहायचा असेल तर सुरुवात कुणापासून करावी?

चित्रकार रेमेडिओस व्हारो. प्रश्न पुण्यातल्या इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्याचा आहे, म्हणून तर बेधडक हेच नाव सुचवतो.

जन्म 1908, स्पेन. वडील जलअभियंता, त्यांचे आराखडे ती लहानपणी गिरवायची. सीओईपीत (पुण्याचं इंजिनिअरिंग कॉलेज) ड्रॉइंग शीटवर रात्री जागवलेल्या माणसाला तिच्या चित्रातली चाकं, कप्प्या, नळ्या लगेच ओळखीच्या वाटतील. यंत्रं अशक्य, पण आखणी एकदम काटेकोर.

स्पेनमधलं यादवी युद्ध, मग पॅरिसवर नाझींचा ताबा. 1941 मध्ये ती मेक्सिकोला पोहोचली. पोटापाण्यासाठी वर्षानुवर्षं जाहिरातींची चित्रं काढली. स्वतःच्या कामाला खरा वेळ मिळाला तो 1950 नंतर, आणि 1963 मध्ये हृदयविकारानं गेली. उणंपुरं एक तप! मला याची फार हळहळ वाटते.

‘पक्ष्यांची निर्मिती’ (1957) हे चित्र मोबाइलवर नको, मोठ्या स्क्रीनवर बघ. घुबडाच्या रूपातली बाई टेबलाशी बसून पक्षी रंगवतेय. गळ्यात व्हायोलिन, त्याच्या तारेला जोडलेला कुंचला. दुसऱ्या हातात त्रिकोणी भिंग. त्यातून ताऱ्याचा प्रकाश कागदावर पडतो आणि पक्षी जिवंत होऊन उडतात. शेजारचं अंडाकृती पात्र रंग गाळून देतं, तेही नीट बघ.

1971 मध्ये मेक्सिको सिटीत तिचं मोठं प्रदर्शन झालं तेव्हा लोकांची रीघ लागली होती. 2023 मध्ये शिकागोतही भरलं. दालीइतकी ती आपल्याकडे माहीत नाही, हा निव्वळ अन्याय आहे. नंतर तिची मैत्रीण, चित्रकार लिओनोरा कॅरिंग्टन हिची चित्रं बघ.