सी ड्राइव्ह भरला आहे. प्रोग्राम आणि फायली दुसऱ्या हार्ड डिस्कवर कशा न्यायच्या?

प्रश्न थोडक्यात असा: पेडण्यात झेरॉक्स आणि डीटीपीचं दुकान आहे, विंडोज ११ आहे, २४० जीबीच्या एसएसडीवर सी ड्राइव्हची पट्टी लाल झाली आहे. १ टीबीची हार्ड डिस्क आत बसवून घेतली. 'प्रोग्राम फाइल्स' हे अख्खं फोल्डर आणि आजवरची कामं कट करून तिकडे पेस्ट केली तर चालेल का?

कामं खुशाल न्या. 'प्रोग्राम फाइल्स'ला मात्र हात लावू नका.

इन्स्टॉल होताना प्रोग्राम एकाच फोल्डरात मावत नाही. रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत, तो सी ड्राइव्हचे पत्ते लिहून ठेवतो, त्याची सेटिंग्ज 'अ‍ॅपडेटा'त जातात, लायसन्सची माहिती बऱ्याचदा 'प्रोग्रामडेटा'त. फोल्डर तेवढं उचललंत तर बाकी सगळे जुन्याच पत्त्यावर त्याला शोधत बसतात. मग शॉर्टकट उघडत नाही, अपडेट अडकतं आणि धड अनइन्स्टॉलही होत नाही. सेटिंग्जमधल्या 'इन्स्टॉल्ड अ‍ॅप्स'मध्ये 'मूव्ह' दिसतं, पण ते मुख्यतः मायक्रोसॉफ्ट स्टोअरवरून घेतलेल्या अ‍ॅप्सना. एखादा प्रोग्राम हलवायचाच असेल तर लायसन्स डिअ‍ॅक्टिव्हेट करा, अनइन्स्टॉल करा आणि पुन्हा टाकताना 'कस्टम' निवडून डी ड्राइव्हचा पत्ता द्या. माझं विचाराल तर ही खटपट करू नका. फिरणाऱ्या हार्ड डिस्कवरून कोरल किंवा फोटोशॉप उघडायला एसएसडीपेक्षा बराच वेळ लागतो, आणि जागा खाल्ली असते ती बहुधा तुमच्या कामांनी.

डिस्क 'धिस पीसी'त दिसत नसेल तर घाबरू नका, कोरी डिस्क आपण होऊन दिसत नाही. स्टार्टवर राइट क्लिक करून 'डिस्क मॅनेजमेंट' उघडा. तिथे डिस्क इनिशियलाइझ करायला विचारेल, 'जीपीटी' निवडा, मग काळ्या पट्टीवर राइट क्लिक करून 'न्यू सिंपल व्हॉल्यूम', एनटीएफएस, अक्षर डी. डी आधीच डीव्हीडीने किंवा दुसऱ्या पार्टिशनने घेतलं असेल तर ई चालेल. १ टीबीऐवजी ९३१ जीबी दिसेल. दुकानदाराने फसवलेलं नाही, विंडोज १०२४ च्या हिशेबाने मोजतं. डिस्क मॅनेजमेंटमध्येही नसेल तर साटा केबल (डिस्क मदरबोर्डला जोडणारी) आणि एसएमपीएसची, म्हणजे वीज पुरवणाऱ्या डब्याची, पॉवर पिन नीट बसली आहे का बघा. एम.२ (थेट मदरबोर्डवर बसणारा) एसएसडी लावलेला असला की काही मदरबोर्डांवर एखादा साटा पोर्ट बंद पडतो. केबल दुसऱ्या पोर्टला लावून बघा.

आता फायली. कट करू नका, कॉपीच करा. पावसात लाइट कधी जाईल सांगता येत नाही, आणि साधा यूपीएस देतो ती दहा-पंधरा मिनिटं दीडशे जीबीला पुरत नाहीत. कट करताना मध्येच लाइट गेली तर अर्ध्या फायली इकडे, अर्ध्या तिकडे.

डी ड्राइव्हवर 'डॉक्युमेंट्स', 'पिक्चर्स', 'डाउनलोड्स' अशी वेगवेगळी फोल्डरं करा. सी ड्राइव्हवरच्या 'युझर्स'मध्ये तुमच्या नावाखालच्या त्याच फोल्डरांतला माल त्यांत कॉपी करा. दोन्हीकडे प्रॉपर्टीजमध्ये फायलींची संख्या जुळवा. मग जुन्या 'डॉक्युमेंट्स'वर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, 'लोकेशन' टॅब, 'मूव्ह', डी वरचं फोल्डर निवडून 'अप्लाय'. जुन्या फायली हलवू का असं विचारेल. त्या आधीच पोचल्यात, म्हणून 'नो' म्हणा. पत्ता कधीही नुसता डी ड्राइव्हचा देऊ नका, आणि दोन फोल्डरांना एकच पत्ता देऊ नका. ती गाठ नंतर सोडवताना नाकी नऊ येतात. लोकेशनमध्ये 'वनड्राइव्ह' लिहिलेलं दिसलं तर आधी वनड्राइव्हच्या सेटिंग्जमध्ये त्या फोल्डरचं बॅकअप बंद करा.

फोटोशॉपची स्क्रॅच फाइल (काम चालू असताना तात्पुरती बनणारी) सी ड्राइव्हवर असेल तर तीच कित्येक जीबी गिळते. 'प्रेफरन्सेस'मधल्या 'स्क्रॅच डिस्क्स'मध्ये सी वरची खूण काढून डी वर खूण करा. मोठ्या फायलींना थोडी सुस्ती येईल, पण सी ड्राइव्ह गच्च भरण्यापेक्षा बरं. मराठी फॉन्ट मात्र विंडोजच्या फोल्डरातच राहू द्या, नाहीतर जुन्या पत्रिका उघडल्यावर अक्षरांच्या जागी भलतंच काही दिसेल.

आठवडाभर काम करून बघा. सगळ्या फायली डी वरून नीट उघडतायत याची खात्री झाली की सी वरच्या जुन्या प्रती डिलीट करा, आणि रिसायकल बिन रिकामी करायला विसरू नका. सी वरून डिलीट केलेलं तोवर सी ड्राइव्हवरच पडून असतं. रिकामी होईपर्यंत पट्टी लालच राहील.