जाळ्या घ्याव्यात की नाही? एस्प्रेसोवाल्यांच्या प्रश्नांना उत्तरं

मागच्या वेळी घरी एस्प्रेसो, म्हणजे मशीनच्या दाबाने काढलेली छोटी घट्ट कॉफी, करणाऱ्यांसाठी ग्राइंडरबद्दल एवढं लिहिलं, आणि प्रश्न कसले आले तर जाळ्यांचे, सुयांचे आणि कागदांचे. ठीक आहे. ग्राइंडर महाग पडतो आणि जाळी पाचसातशेत दारात येते, त्यामुळे मन तिकडेच धावणार. एकेक घेतो.

मुलुंडहून एकजण विचारतोय: माझ्याकडे ५१ एमएम रुंद बास्केटचं छोटं मशीन आहे. कॉफीवर ठेवायची ती गोल जाळी, पक स्क्रीन, घेतली पण चवीत काडीचा फरक नाही. पैसे वाया गेले का?

मित्रा, मशीनबरोबर आलेली बास्केट, म्हणजे कॉफी भरायची भोकांची वाटी, आधी उजेडात उलटी धरून बघ. आतून शेकडो भोकं आणि बाहेरून मधोमध एकच बारीक भोक दिसलं तर ती डबल वॉल बास्केट. तिच्यात प्रेशर त्या एका भोकामुळे बनतं, कॉफीच्या थरामुळे नाही, म्हणून कॉफी जाड दळा, बारीक दळा, नीट दाबा, वाकडी दाबा, वर सारखाच फेस येतो आणि आपल्याला वाटतं वा काय क्रेमा, म्हणजे एस्प्रेसोवरचा सोनेरी थर, आलाय. तो नुसता फेस आहे रे. अशा बास्केटवर तू सोन्याची जाळी ठेवलीस तरी तिला करायला काम नाही.

तू तयार पावडर वापरत असशील तर हीच बास्केट बरी, जाळी कपाटात टाक आणि विसर. घरी बारीक दळणारा ग्राइंडर असेल तर मात्र साधी सिंगल वॉल बास्केट, म्हणजे एकाच तळाची, घे, १५ ग्रॅम कॉफी, कपात ३० ग्रॅम, २५ ते ३० सेकंद, इथून सुरुवात कर. पहिले चारपाच शॉट, म्हणजे मशीनमधून एकदा काढलेली कॉफी, भयंकर होतील, ते बेसिनमध्ये.

दादरच्या ताई विचारतात: मग चांगल्या मशीनवर तरी पक स्क्रीनने चव सुधारते का?

ताई, माझं मत सांगतो, ती स्वच्छतेची वस्तू आहे, चवीची नाही. शॉट संपला की थोडं पाणी उलटं वर ओढलं जातं, त्याबरोबर कॉफीचा गाळ मशीनच्या शॉवरला, म्हणजे पाणी सोडणाऱ्या वरच्या चाळणीला, चिकटतो, मग तेल साचतं आणि आठवड्याभरात वास मारायला लागतं. जाळी तो गाळ अडवते, एवढ्यासाठी मी रोज वापरतो. चवीचं म्हणाल तर घरी बायकोने मला न सांगता जाळी लावून आणि न लावून असे सहा कप दिले, मी तीन बरोबर ओळखले. टॉस केला असता तरी तेवढेच आले असते.

दोन गोष्टी मात्र सांभाळा. जाळी साधारण १.७ एमएम जाड असते, म्हणजे कॉफीच्या वरची जागा खाते. कॉफी दाबून झाली की वर एक रुपयाचं नाणं ठेवा, पोर्टाफिल्टर (बास्केट धरणारा दांडा) मशीनला लावा, पाणी न सोडता परत काढा. नाणं कॉफीत रुतलेलं दिसलं तर जाळीला जागाच नाही, एखादा ग्रॅम कॉफी कमी घ्या. आणि जाळी गार असेल तर पाण्याची उष्णता तीच पिते, आधी गरम पाण्याखाली धरा.

हो, आणि चोथा ठोकून टाकताना जाळी आधी काढा. माझी पहिली जाळी चोथ्यासकट ओल्या कचऱ्यात गेली, लक्षात आलं तेव्हा सोसायटीचा कचरा उचलून गाडी नाक्यापर्यंत पोचली होती. मी बनियनवर धावलो. नाही मिळाली.

पार्ल्याहून: खालून उघडा असलेला बॉटमलेस पोर्टाफिल्टर घेतला, आता रोज टाइल्सवर, शर्टावर कॉफीचे फवारे. परत करू का?

नको, तो बिचारा खरं बोलतोय. फवारे आधीही होतेच, फक्त खालच्या नळीत लपत होते. ९ बार प्रेशरने पाणी येतं तेव्हा ते कॉफीतली सगळ्यात पोकळ जागा शोधतं, दादरच्या पुलावर एक जिना रिकामा दिसला की सगळी गर्दी जशी तिकडे वळते अगदी तसं. तिथली कॉफी जास्त धुतली जाऊन कडू होते, बाकीची कोरडीच राहते आणि आंबट लागते, म्हणून एकाच कपात आंबट आणि कडू दोन्ही.

इथे जी वस्तू खरंच फरक पाडते ती सगळ्यात स्वस्त आहे. बारीक सुयांनी कॉफी ढवळून गुठळ्या मोडायच्या. २००५ मध्ये जॉन वाइस यांनी ही युक्ती मांडली, म्हणून तिला डब्ल्यूडीटी, म्हणजे वाइस डिस्ट्रिब्यूशन टेक्निक म्हणतात, डब्ल्यू त्यांच्या आडनावाचा. विकत घेऊ नका. बाटलीचं एक बूच घ्या आणि थ्रीडी प्रिंटरचं नोझल साफ करायच्या ०.४ एमएमच्या सुया, मी लॅमिंग्टन रोडवरून आणल्या, सहासात सुया टोकदार बाजूने बुचात खोचायच्या म्हणजे बोथट बाजू कॉफीत राहते. शिवणाच्या सुया वापरू नका, मी वापरून बघितल्यात, जाड असतात, ढवळण्याऐवजी नांगरट होते. आधी तळापर्यंत छोटे छोटे गोल फिरवत दहापंधरा सेकंद, मग सुया हळूहळू वर आणत शेवटी फक्त वरचा थर सारखा करायचा. मग एकदा ओट्यावर हलकेच आपटा आणि सरळ दाबा. दळण फारच जाड असेल तर यानेही काही होणार नाही, ते आधी बघा.

गिरगावातल्या आजोबांचं पत्र: माटुंग्याहून ताजी दळून आणलेली कॉफी, थोडी चिकोरी घालून, चाळीस वर्षं स्टीलच्या फिल्टरमध्ये करतो. नातू म्हणतो त्यात कागदी फिल्टर टाका, चव सुधारेल.

आजोबा, नातवाला तुमच्या फिल्टरमधली ती दांडीवाली छत्री दाखवा. पाणी ओतताना धार थेट कॉफीत खड्डा पाडू नये, सगळीकडे सारखी पसरावी म्हणून ती असते. हे लोक आज जी पक स्क्रीन घेतायत तिचं निम्मं काम ही छत्री करतेय, आणि तुमच्याकडे चाळीस वर्षं आहे.

कागद घालू नका. तुमची कॉफी नुसत्या स्वतःच्या वजनाने थेंब थेंब उतरते, त्यात चिकोरी पाणी धरून ठेवते, खाली कागद आला की सकाळचा डिकॉक्शन दुपारी मिळेल. कागद लागतो तो एकाच कारणासाठी. कॉफीच्या तेलात कॅफेस्टॉल नावाचा पदार्थ असतो, तो कोलेस्टेरॉल वाढवतो आणि कागद तो बराचसा अडवतो. डॉक्टरांनी तसं काही सांगितलं असेल तर एखादा कप सरळ कागदी पोअर ओव्हरने, म्हणजे कागदातल्या कॉफीवर वरून गरम पाणी ओतून, करा, पण फिल्टरला त्रास देऊ नका. छत्रीही दाबून बसवू नका, नुसती टेकवा.

ठाणे, बोरिवली, कांदिवली, सगळ्यांचे सुटे प्रश्न एकत्र

बास्केटवर बसणारं फनेल: घ्या, ओटा स्वच्छ राहतो, घरात शांतता राहते. फिरवून सपाट करायचा लेव्हलर: वरून छान दिसतं, खाली गुठळ्या तशाच, नको. टॅम्पर, म्हणजे कॉफी दाबायचा ठोकळा: बास्केट ५८ एमएमची असेल तर ५८.५चा टॅम्पर कडेची कॉफीही दाबतो, फरक जाणवतो, पण घ्यायच्या आधी बास्केट मोजा. बास्केटच्या तळाशी कागद: पाणी जरा मोकळं वाहतं, मग दळण आणखी बारीक करता येतं, कप स्वच्छ लागतो पण अंगाने हलका. मला नाही आवडत, दुधाच्या कॉफीत तर अजिबात नाही. मोका पॉटमध्ये, म्हणजे गॅसवर ठेवायच्या वाफेच्या कॉफीच्या भांड्यात, मात्र तोच कागद ओला करून वरच्या जाळीला खालून चिकटवा, कपातला गाळ जातो, करून बघाच.

खारघरहून: पाऊस सुरू झाला की सगळं तेच ठेवून शॉटची वेळ रोज बदलते. कुठली ॲक्सेसरी घेऊ?

कुठलीच नाही. हवेतला दमटपणा बिया आणि दळलेली पावडर दोन्ही ओढून घेतात, त्यामुळे मे महिन्याचं सेटिंग जुलैत चालत नाही. वजनकाटा आणि मोबाइलचं घड्याळ ठेवा, वेळ २५ सेकंदांच्या आत गेली तर दळण एक घर बारीक, ३० च्या पुढे गेली तर एक घर जाड. दळायच्या आधी बियांवर पाण्याचा थेंब मारायची पद्धत आहे, त्याने स्टॅटिक, म्हणजे पावडर चिकटवणारी स्थिर वीज, कमी होतं हे ओरेगन विद्यापीठाच्या ख्रिस्तोफर हेंडन यांच्या टीमने २०२३ मध्ये दाखवलं, पण जुलैत आपल्याकडे थेंब जपूनच मारा, नाहीतर ग्राइंडरची पाती गंजतील. पाणी टँकरचं किंवा बोअरचं असेल तर मशीनमध्ये क्षार बसतो, तेवढं बघा. आणि पाकीट फ्रीजमधून काढून लगेच उघडू नका, बाहेर येऊन गार बियांवर दव धरतं. एकेका कपापुरत्या पुड्या हवाबंद करा, एकावेळी एकच बाहेर काढा.