वाचकांचे प्रश्न : पाण्यात बुडालेली गाडी ‘शोरूम कंडिशन’ म्हणून विकली

प्रश्न : मी धायरीत राहतो. गेल्या दसऱ्याच्या मुहूर्तावर मी पुण्यातल्या एका वापरलेल्या गाड्यांच्या विक्रेत्याकडून एक पेट्रोल हॅचबॅक ४ लाख ८५ हजार रुपयांना घेतली. त्यासाठी सहकारी बँकेचे कर्ज काढले आहे. जाहिरातीत ‘सिंगल ओनर, नॉन-ॲक्सिडेंटल, शोरूम कंडिशन, तज्ज्ञांकडून पूर्ण तपासलेली’ असे लिहिले होते आणि मीटरवर ४१ हजार किलोमीटर दिसत होते. काही आठवड्यांतच काचा वर-खाली होईनाशा झाल्या, एअरबॅगचा दिवा सतत लागून राहू लागला आणि एसी लावला की कुबट वास येऊ लागला. गाडी कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये नेली तेव्हा कार्पेटखाली वाळलेला गाळ निघाला आणि वायरिंगच्या जोडांना गंज चढलेला दिसला. २०२४ च्या पावसाळ्यात ही गाडी आत पाणी शिरल्यामुळे टो करून आणली होती, आणि तेव्हाच तिचे ६८ हजार किलोमीटर झाले होते, अशी त्यांच्याकडे नोंद आहे. विक्रेता म्हणतो, ‘जुन्या गाडीची गॅरंटी नसते, आणि तुम्ही जशी आहे तशी घेत असल्याची सही केली आहे.’ आरसी अजून माझ्या नावावर झालेली नाही. ‘पेपर होतील’ एवढेच उत्तर मिळते. पक्के बिलही दिलेले नाही. आता मी काय करावे?
— एक वाचक, धायरी

उत्तर : आपण पहिली गोष्ट करावी ती म्हणजे गाडी आत्ता दुरुस्त करून घेऊ नये. बिघडलेली गाडी दारात उभी असताना हे कठीण जाते याची मला कल्पना आहे, पण गंजलेले जोड बदलले आणि कार्पेट धुऊन निघाले की आपल्या तक्रारीचा सर्वांत बोलका पुरावाही त्यांच्याबरोबर जातो. एअरबॅगचा दिवा लागलेला असताना ती गाडी घरच्यांना घेऊन चालवूही नये. पाणी लागलेले एअरबॅगचे नियंत्रक धडकेच्या क्षणी काम करील याचा भरवसा देता येत नाही, आणि ही बाब पैशांच्या नुकसानीपेक्षा कितीतरी गंभीर आहे.

सर्व्हिस सेंटरकडून तोंडी मिळालेली माहिती पुरेशी नाही. गाडीचा चासी क्रमांक, तपासणीची तारीख, कुठल्या भागात गाळ किंवा गंज आढळला आणि दुरुस्तीचा अंदाजे खर्च किती, हे सगळे त्यांच्या लेटरहेडवर लिहून घ्या. गाळाचे, सीटखालच्या रुळांवरील गंजाचे आणि डिकीतल्या स्टेपनीच्या खोलगट जागेचे फोटो काढा, आणि सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून त्यावर पाण्याची रेघ उमटली आहे का तेही पाहा, कारण सीटकव्हर बदलणारे लोक बेल्ट बहुधा तसाच ठेवतात. २०२४ च्या नोंदीची प्रत देण्यास ते तयार नसतील तर वाद घालू नका. ग्राहक आयोगाला कागदपत्रे मागवून घेण्याचे अधिकार आहेत आणि ती नोंद तेथे मागवता येईल.

आपल्या शहराचा संदर्भ येथे महत्त्वाचा आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये आंबिल ओढ्याला आलेल्या पुरात, आणि २५ जुलै २०२४ ला सिंहगड रस्त्यावरील एकतानगरीत पाणी शिरले तेव्हा, सोसायट्यांच्या वाहनतळांवरील गाड्या पाण्यात होत्या. अशा गाडीचा दुरुस्तीखर्च तिच्या विमा किमतीच्या फार जवळ गेला की विमा कंपनी ती ‘टोटल लॉस’ धरून मालकाला रक्कम देते आणि सांगाडा विकला जातो. त्यात बेकायदा काही नाही. तो सांगाडा धुऊन-पुसून, नवे कार्पेट घालून पुन्हा बाजारात आणताना त्याचा पूर्वेतिहास दडवला जातो, तेथे गुन्हा सुरू होतो. आपल्या गाडीच्या बाबतीत हे तपासण्याचा एक सोपा मार्ग म्हणजे आधीच्या मालकाची विमा पॉलिसी पाहणे. वर्षभर दावा केला नाही तर नूतनीकरणाच्या वेळी नो क्लेम बोनस मिळतो आणि तो २० टक्क्यांपासून पाच वर्षांत ५० टक्क्यांपर्यंत चढतो. अनेक वर्षे चाललेल्या गाडीच्या पॉलिसीवर हा बोनस अचानक शून्य झाला असेल, तर बहुधा मधल्या काळात दावा मंजूर झाला होता असे समजावे. हा बोनस मालकाचा असतो, गाडीबरोबर येत नाही, त्यामुळे विक्रेत्याने दिलेल्या नव्या पॉलिसीवरून काही कळणार नाही, जुनीच मागा.

आता ‘जशी आहे तशी’ या सहीविषयी. विक्रेते या ओळीवर फार विसंबतात आणि ग्राहकही ती वाचून हबकतात. ज्या झिजेचा अंदाज कुठल्याही जुन्या गाडीबाबत करता येतो, म्हणजे क्लच, टायर, बॅटरी, शॉक ॲब्सॉर्बर, तिच्याबाबत या ओळीला काही अर्थ आहे. परंतु भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम १७ नुसार, एखादी वस्तुस्थिती माहीत असताना ती सक्रियपणे दडवणे म्हणजे कपट, आणि कपटाने मिळवलेली संमती देणाऱ्याला करार रद्द ठरवून घेण्याचा अधिकार कलम १९ देते. मीटर मागे फिरवलेली गाडी ‘जशी आहे तशी’ दाखवलेलीच नव्हती, मग तशी ती स्वीकारली असे कसे म्हणता येईल?

विक्रेता आयोगापुढे बहुधा असे सांगेल की, गाडी मलाही आधीच्या मालकाकडून अशीच मिळाली, पाण्याची गोष्ट मला ठाऊक नव्हती. आपल्या प्रकरणातील खरा अवघड मुद्दा हाच आहे, आणि त्याचे उत्तर त्याच्याच जाहिरातीत आहे. ‘तज्ज्ञांकडून पूर्ण तपासलेली’ हे शब्द त्याने लिहिले आहेत. खरोखर तपासणी झाली असेल तर कार्पेटखालचा गाळ तज्ज्ञांच्या नजरेतून सुटणे शक्य नाही. झाली नसेल तर ते विधानच खोटे आहे. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ च्या कलम २(४७) प्रमाणे मालाच्या दर्जाविषयी खोटे विधान करणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे, आणि ती सिद्ध करताना विक्रेत्याच्या मनात काय होते हे शोधत बसावे लागत नाही. म्हणूनच माझ्या मते आपल्या तक्रारीचा पाया ‘त्यांनी फसवले’ यापेक्षा ‘त्यांनी हे लिहिले आणि ते खरे नव्हते’ असा असावा. त्याच कलमात बिल न देणे हीही अनुचित प्रथा सांगितली आहे. आणि सदोष माल परत घेऊन रक्कम परत करण्यास, पावतीवर दिलेल्या मुदतीत किंवा तशी मुदत नसल्यास ३० दिवसांत, नकार देणे हीसुद्धा. आपल्याला बिल मिळालेले नाही, याचा अर्थ आपली बाजू लंगडी झाली असा नाही. बँकेतून गेलेली रक्कम, टोकनची पावती आणि मेसेज यांवरून व्यवहार सिद्ध होतो.

त्यामुळे जाहिरात अजून दिसत असेल तर आजच तिचा स्क्रीनशॉट घ्या आणि व्हॉट्सॲपवरील संभाषण काही झाले तरी पुसू नका. असा इलेक्ट्रॉनिक पुरावा सादर करताना भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खालील प्रमाणपत्र जोडावे लागते.

यानंतर विक्रेत्याला स्पीड पोस्टाने लेखी नोटीस पाठवा. तिच्यात तीन गोष्टी असाव्यात : काय सांगून गाडी विकली, प्रत्यक्षात काय निघाले आणि आपली मागणी काय आहे. मुख्य मागणी गाडी परत घेऊन संपूर्ण रक्कम परत करण्याची ठेवा आणि पर्याय म्हणून दुरुस्तीचा खर्च व किमतीतील फरक मागा, कारण पहिली मागणी मान्य झाली नाही तर आयोगाला दुसरी देण्याची वाट मोकळी राहते. पंधरा दिवसांची मुदत पुरेशी आहे. त्या मुदतीत राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावरही तक्रार नोंदवता येईल; तेथे निकाल लागत नाही, मात्र तडजोडीला तयार असलेला विक्रेता तेथेच तयार होतो.

मुदत संपूनही दाद मिळाली नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जा. मोबदला ५० लाखांपर्यंत असेल तर तक्रार जिल्हा आयोगात चालते, आणि २०१९ च्या कायद्यामुळे ग्राहक जेथे राहतो किंवा नोकरी करतो त्या जिल्ह्यातही ती दाखल करता येते. आपला व्यवहार पाच लाखांच्या आत असल्याने शुल्क लागणार नाही. तक्रार ई-जागृती पोर्टलवरून करता येते आणि वकील असण्याची सक्ती नाही, तरी आपल्या प्रकरणात मीटरचा आणि तांत्रिक तपासणीचा प्रश्न असल्याने जाणत्या व्यक्तीचा सल्ला जरूर घ्यावा. ग्राहक पंचायतीची चळवळ बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये पुण्यातूनच सुरू केली आणि तिचे कार्यकर्ते आजही असे मार्गदर्शन करतात. तक्रारीची मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे. तांत्रिक चाचणीची गरज असल्यास पाच महिन्यांत निकाल देण्याचा प्रयत्न व्हावा असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात अधिक वेळ लागतो, हे मनाशी धरूनच पुढे जावे. मीटरमधील फेरफारासाठी भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली पोलिसांत फसवणुकीची तक्रारही देता येईल, पण ती आयोगाच्या तक्रारीला पर्याय होऊ शकत नाही, कारण आपले पैसे परत मिळवून देणे हे पोलिसांचे काम नाही. या सगळ्या काळात कर्जाचे हप्ते थांबवू नयेत. बँकेचा या वादाशी संबंध नाही, आणि हप्ते थकले तर नुकसान आपलेच होईल.

नावबदलाचा प्रश्न मात्र यासाठी थांबवून ठेवता येत नाही. मोटार वाहन अधिनियमाच्या कलम ५० प्रमाणे खरेदीदाराने ३० दिवसांत आरटीओला कळवायचे असते. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांनुसार वापरलेल्या गाड्यांच्या विक्रेत्याला आरटीओचे प्राधिकार प्रमाणपत्र घ्यावे लागते, आणि असे प्रमाणपत्र असलेला विक्रेता ताब्यातील गाडीचा मालक समजला जातो. आपल्या विक्रेत्याकडे ते आहे का, हे नोटिशीतच विचारा. नसेल तर जुन्या मालकाने सह्या केलेले टीटी फॉर्म, म्हणजे नमुना २९ आणि ३०, त्याच्याकडे पडून असण्याचीच शक्यता अधिक. एमपरिवहन ॲपवर गाडीचा क्रमांक टाकून आज नाव कोणाचे आहे, आधीच्या कर्जाचा बोजा उतरला आहे का आणि विम्याची मुदत काय आहे ते पाहून घ्या. विमा आपल्या नावावर करून घेण्यासाठी १४ दिवसांची मुदत असते. तृतीय पक्षाचे संरक्षण गाडीबरोबर येते, पण आपल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचे तसे येत नाही. कागद करून घेताना ‘गाडीबाबत माझी तक्रार नाही’ अशा कुठल्याही मजकुरावर सही करू नका. अडलेल्या आरसीच्या बदल्यात असा कागद पुढे केला जाण्याचा संभव आहे.

प्रश्न : मी माझी गाडी एका विक्रेत्याला विकली आणि टीटी फॉर्मवर कोऱ्या सह्या करून दिल्या. आता त्या गाडीची ई-चलने माझ्या मोबाइलवर येत आहेत. विक्रेता फोन उचलत नाही. जबाबदारी माझी आहे का?
— एक वाचक, हडपसर

उत्तर : आरटीओच्या नोंदीत नाव आपले असेपर्यंत कायदा आपल्यालाच मालक मानतो. चलनाच्या दंडापेक्षाही अधिक काळजी अपघाताची करावी, कारण विक्री झाली पण नाव बदलले नाही अशा प्रकरणात नुकसानभरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकावरच राहते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे.

विक्रेत्याकडे आरटीओचे प्राधिकार प्रमाणपत्र असते तर गाडी ताब्यात देतानाच आपण दोघांनी नमुना २९-सी पोर्टलवर भरला असता आणि तेव्हापासून जबाबदारी त्याची झाली असती. तसे झालेले नसल्यास विक्रीची पावती, बँकेत जमा झालेली रक्कम आणि गाडी दिल्याची तारीख व वेळ यांसह ज्या आरटीओत गाडीची नोंद आहे तेथे लेखी अर्ज द्या. गाडी एमएच १२ ची असेल तर संगम पुलाजवळील पुणे कार्यालयात, एमएच १४ ची असेल तर पिंपरी-चिंचवडच्या कार्यालयात. राज्यातल्या राज्यात विक्री झाल्यास विकणाऱ्याने १४ दिवसांत कळवायचे असते, त्यामुळे उशीर झाला असला तरी आता एक दिवसही घालवू नका. अर्जाच्या प्रतीवर पोच शिक्का घ्या, तीच प्रत जवळच्या पोलीस ठाण्यात द्या, आणि महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या ई-चलन संकेतस्थळावर प्रत्येक चलनाविरुद्ध स्वतंत्र तक्रार नोंदवा. चलनावरील फोटोत चालक दिसत असेल तर तो फोटोही जपून ठेवा, आणि विक्रेत्याला पाठवायच्या नोटिशीत गाडी आज कोणाच्या ताब्यात आहे ते नाव-पत्त्यासह कळवण्याची मागणी करा.