घेंटची सहा दिवसांची शर्यत पाहू लागताना

बंदिस्त ट्रॅकवरील सायकल शर्यतींची गोडी नागपुरात बसून लावून घ्यायची असेल, तर सुरुवात बेल्जियममधील घेंटच्या सहा दिवसांच्या शर्यतीपासून करा, असे मी आग्रहाने सांगेन. नोव्हेंबरात होणाऱ्या या शर्यतीचा ट्रॅक जेमतेम 166 मीटरचा आहे; जागतिक स्पर्धांच्या 250 मीटरच्या ट्रॅकपुढे तो एवढा आखूड, की स्वार सतत वळणातच दिसतात. तिथले रात्रीचे आठ म्हणजे आपले साडेबारा, त्यामुळे सहाही रात्री जागण्याचा अट्टहास करू नका. शेवटचा दिवस मात्र चुकवू नका.

या सहा दिवसांतली मॅडिसन, म्हणजे दोघांच्या जोड्यांची शर्यत, प्रथम गोंधळात टाकते. जोडीतील एकच स्वार प्रत्यक्ष शर्यतीत असतो, दुसरा ट्रॅकच्या वरच्या बाजूने संथपणे फिरत असतो आणि पाळी येताच पहिला त्याचा हात धरून त्याला वेगाने पुढे झोकून देतो. ब्रेक नसलेल्या सायकलींवर हे चालते, हे पाहून मी आजही थक्क होतो. सुरुवातीला सगळ्यांकडे पाहू नका, एकच जोडी निवडून तिचा क्रमांक शोधत राहा. गुणांपेक्षा फेऱ्यांकडे अधिक लक्ष द्या, कारण अंतिम क्रमवारीत आधी फेऱ्या मोजल्या जातात आणि त्या समान असतील तरच गुण पाहिले जातात.