'ग्रेप' म्हणजे आधी मणी नव्हे, घड

प्रश्न असा आहे: इंग्रजी 'ग्रेप' शब्द मुळात कुठला, आणि 'ग्रेप' म्हणायचं की 'ग्रेप्स'?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. एक मणी म्हणजे 'ग्रेप', घड म्हणजे 'अ बंच ऑफ ग्रेप्स'. दुकानात 'ग्रेप्स'च मागायचे, आपण 'द्राक्षं द्या' म्हणतो तसे. पुढे दुसरा शब्द आला की एकवचन: 'ग्रेप ज्यूस', 'ग्रेपव्हाइन'.

आता मूळ. निफाड तालुक्यात आमची बाग आहे, म्हणून हा शब्द मला फार जवळचा. जुन्या फ्रेंचमध्ये 'ग्राप' म्हणजे अख्खा घड. त्याच्याही मागे जर्मानिक कुळातला आकडी या अर्थाचा शब्द आहे. वेलीवरचे घड आकडीने तोडायचे, त्यावरून. 'ग्रॅपल', म्हणजे पकडून धरणं, त्याच घरातला. 'ग्रेप' येण्याआधी इंग्रज लोक द्राक्षाला 'वाइनचं बोर' अशा अर्थाचा शब्द वापरत. 1066 नंतर नॉर्मन राज्यकर्त्यांबरोबर फ्रेंच शब्दांचा लोंढा आला, त्यात हा आला आणि घडाचं नाव मण्याला चिकटलं.

आमच्याकडे ही गल्लत व्हायचीच नाही. गोडी छाटणीनंतर, म्हणजे फळासाठीच्या छाटणीनंतर, विरळणी सुरू झाली की बायका डाव्या हातात घड तोलून धरतात, उजव्या हातातल्या बारीक टोकाच्या कात्रीने दाटीतले मणी टिपून काढतात. घड मोकळा झाला की राहिलेले मणी फुगतात. दिवसभर कानावर घड, मणी, पाकळी (घडाचा छोटा फाटा), देठ एवढंच पडतं. 'द्राक्ष' हा शब्द बागेत क्वचितच निघतो.

इंग्रजीत 'रेझन' म्हणजे वाळलेलं द्राक्ष. या शब्दाची कथा याहून छान. फ्रेंचमध्ये आजही 'रेझँ' म्हणजे ताजं द्राक्ष आणि 'ग्राप' म्हणजे घड. इंग्रजीने दोन्ही शब्द उचलले, पण घडाचं नाव ताज्या फळाला दिलं आणि फळाचं नाव वाळलेल्याला. गंमत म्हणजे 'रेझँ'चं लॅटिन मूळ शोधलं तर तिथेही अर्थ घडच निघतो.

आपला बेदाणा मात्र फारसीतून आला. 'बे' म्हणजे बिन आणि 'दाणा' म्हणजे बी. थॉमसन सीडलेस या बिनबियांच्या द्राक्षाच्या पाटीवरचं 'सीडलेस' आपण बेदाणा म्हणताना कधीपासूनच म्हणत आलोय.