गाड्या कमी करायच्यात ना? मग आधी उभ्या गाड्यांकडे बघा

तुम्ही विचारलंय की लोकांनी कार सोडून बस, सायकल, पायी चालणं याकडे वळावं म्हणून शहराने नेमकं काय करायचं, आणि रस्ते रुंद केले, उड्डाणपूल बांधले तर भागेल का. दुसऱ्या भागाचं आधी सांगून टाकतो, नाही भागत. अमेरिकेतल्या ह्यूस्टनचा केटी फ्रीवे हा महामार्ग 2008 मध्ये रुंद करून झाला, बाजूचे सर्व्हिस रोड धरून काही ठिकाणी तब्बल 26 लेन, आणि तरी 2011 ते 2014 या तीन वर्षांत संध्याकाळच्या गर्दीत तिथून जायला लागणारा वेळ दीडपटीच्या वर गेला. रस्ता मोकळा दिसला की जे आधी उशिरा निघायचे, ट्रेनने जायचे किंवा जायचेच नाहीत ते सगळे त्याच वेळेला गाडी बाहेर काढतात, वर लांबचं घर घेतलं तरी चालेल असंही वाटायला लागतं, संपलं.

आता मूळ प्रश्न. मी स्वतः गाडीवाला, त्यामुळे उपदेश करायचा हक्क मला नाहीच, पण माझं मत असं की सगळेजण चालणाऱ्या गाड्यांवर बोलतात आणि खरी गोम उभ्या गाड्यांमध्ये आहे. हिशोब करून बघा, दिवसाला दीड तास गाडी चालवली तरी उरलेले साडेबावीस तास ती कुठेतरी उभी असते, रस्त्याच्या कडेला असेल तर 12-15 चौरस मीटर जागा अडवून. एवढ्या जागेत एखादी छोटी खोली होते राव! आणि ही जागा बहुतेक ठिकाणी फुकट किंवा फुकटासारखी. घराबाहेर पडताना आपण पेट्रोलचा विचार करतो, पण खरा निर्णय "तिथे गाडी लावायला मिळेल का" यावर होतो.

हे मला कळलं ते ऑफिस बदललं तेव्हा. आधीच्या ठिकाणी बेसमेंटमध्ये पार्किंग फुकट होतं तर मी रोज एकटा गाडी घेऊन जायचो, कंटाळा यायचा पण जायचो. नवीन ठिकाणी पार्किंगचे महिन्याला वेगळे पैसे, तर पहिल्याच आठवड्यात मी बसचा नंबर शोधला. पर्यावरणाचं प्रेम वगैरे काही नाही, सरळ खिसा. कॅलिफोर्नियात 1992 साली असाच कायदा झाला, की काही ठराविक कंपन्यांनी फुकट पार्किंग दिलं तर ज्याला ते नकोय त्याला तेवढे पैसे रोख द्यायचे. डोनाल्ड शूप नावाच्या प्राध्यापकांनी असं करणाऱ्या 8 कंपन्या तपासल्या तर एकट्याने गाडी घेऊन येणारे 76 टक्क्यांवरून 63 वर आले. रस्ता तोच, बस त्याच, माणसंही तीच.

जपान याच्याही पुढे. तिथे 1962 पासून कायदा आहे की गाडी ठेवायला रस्त्याबाहेर स्वतःची जागा दाखवायची (विकत, भाड्याने, कशीही), पोलीस तसा दाखला देतात, आणि त्याशिवाय साधारणपणे गाडी नावावर होत नाही. टोकियोतल्या गल्ल्या अरुंद असूनही लोक मधून निवांत चालतात त्याचं मोठं कारण हेच, कडेला रात्रभर गाड्याच नसतात.

दुकानदार विरोध करणार हे धरूनच चाला, गिऱ्हाईक तुटेल म्हणून. कॅलिफोर्नियातल्याच पॅसाडेना शहराच्या जुन्या बाजारपेठेत 1993 मध्ये पार्किंग मीटर लावायचे ठरले तेव्हाही हेच झालं. गंमत म्हणजे दुकानासमोरच्या जागा गिऱ्हाईकांनी नाही तर मालकांनी आणि नोकरांनीच दिवसभर अडवलेल्या असायच्या. मग मीटरचे पैसे त्याच बाजाराच्या फुटपाथ, दिवे, साफसफाईवर खर्च करायचं ठरलं आणि विरोध मावळला. हा मुद्दा फार महत्त्वाचा वाटतो मला, पैसे वरच्या तिजोरीत गेले की लोकांना तो दंड वाटतो, आपल्याच गल्लीत दिसले की चालतं.

पण नुसतं पार्किंग महाग करून बसलात तर लोक शिव्या घालतील, आणि बरोबरच आहे, जायचं कसं मग? स्टॉकहोमने 2006 च्या जानेवारीत शहरात शिरणाऱ्या गाड्यांवर शुल्क लावून बघितलं, पण जादा बसगाड्या त्याच्या आधीच, 2005 च्या ऑगस्टमध्ये सुरू केल्या होत्या. आधी बहुतेक लोक विरोधात होते, ट्रायलमध्ये गाड्या साधारण 20 टक्के कमी झाल्या आणि सप्टेंबरमधल्या मतदानात शहराने थोडक्यात का होईना पण हो म्हटलं. बस आधी, शुल्क नंतर, हा क्रम उलटा केला की वाट लागते.

बसचं म्हणाल तर नवीन बस घेण्याआधी तिला वेगळी लेन द्या. समजा एका रूटवर जाऊन-येऊन 120 मिनिटं लागतात आणि 12 बस आहेत, म्हणजे दर 10 मिनिटांनी एक. लेनमुळे तीच फेरी 90 मिनिटांत झाली तर त्याच 12 बस दर साडेसात मिनिटांनी येतात, एकही ड्रायव्हर न वाढवता. आणि ही लेन कुठून आणायची? तर कडेला उभ्या गाड्या हटवून. फिरून परत तिथेच आलो बघा.

सायकलसाठी मला नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेन शहराचं उदाहरण आवडतं. 1977 मध्ये त्यांनी शहराच्या मध्यभागाचे चार भाग केले आणि नियम केला की एका भागातून दुसऱ्यात गाडीने थेट जाता येणार नाही, बाहेरच्या रिंग रोडने वळसा घालायचा, सायकलवाला मात्र सरळ जाणार. गाडीवर बंदी नाही, फक्त जवळचं अंतर गाडीने लांब पडतं. बेल्जियमच्या गेंटने 2017 मध्ये जवळजवळ तसंच केलं. यात खर्च म्हणाल तर मुख्यतः पाट्या, कुंड्या आणि खांब.

अपंग, म्हातारी माणसं, ॲम्ब्युलन्स, मालाचे टेम्पो यांचं काय असं कुणीतरी विचारणारच, त्यांच्यासाठी जागा राखून ठेवायचीच. आणि खरं सांगायचं तर आज त्यांनाच दारापाशी गाडी लावता येत नाही कारण तिथे कुणाची तरी सकाळपासून उभी असते.

तुमच्या भागात सुरुवात करायची तर मोठा प्लॅन नको, एकच रस्ता घ्या, सकाळी, दुपारी आणि रात्री कडेच्या गाड्यांचे नंबर लिहून काढा आणि तिन्ही वेळा त्याच जागी किती सापडतात ते बघा. नगरसेवकाकडे जाताना तो कागद सोबत न्या.