आई-बाबांना घेऊन येलोस्टोनला निघालास तर

हाय रे,

तुझी ट्रिपच्या प्लॅनची एक्सेल शीट बघितली. आठ दिवसांत अमेरिकेतली चार नॅशनल पार्कं, ग्रँड टीटन, येलोस्टोन, ग्लेशियर आणि येताना रॉकी माउंटन पण! मित्रांबरोबर जमेल एकवेळ, आई-बाबांबरोबर नाही. ग्लेशियर सरळ काढून टाक. तिथला डोंगरातला गोइंग-टू-द-सन रोड भारीच आहे, वादच नाही, पण त्यावरच्या लोगन पास खिंडीतला बर्फ काढून तो पूर्ण उघडेपर्यंत बहुतेकदा जूनचा शेवट नाहीतर जुलै उजाडतो आणि तुम्ही निघताय जूनच्या पहिल्या आठवड्यात. रॉकी माउंटन पण राहू दे, तिथला ट्रेल रिज रोड १२,१८३ फुटांवर जातो आणि बाबांना बीपीच्या गोळ्या चालू आहेत. तसं येलोस्टोन लेकच साधारण ७,७०० फुटांवर आहे, म्हणजे कळसूबाईच्या टोकापेक्षा दोनेक हजार फूट वर तुम्ही जेवणार-झोपणार. पहिल्या दिवशी काहीही चढायचं ठेवू नकोस, आणि त्यांच्या डॉक्टरांना आधी विचारून घे.

दोन रात्री टीटन, उरलेलं सगळं येलोस्टोनला दे.

येलोस्टोनमधून फिरवणारा ग्रँड लूप रस्ता १४२ मैलांचा आहे, मॅपवर चार-पाच तास दिसतील, त्यावर जाऊ नकोस. स्पीड लिमिट ताशी ४५ मैल, त्यात बायसनचा (गव्यासारख्या जंगली जनावरांचा) कळप रस्त्यावर आला की अर्धा-पाऊण तास गाड्या जागच्या हलत नाहीत, आणि त्या वेळी बाबा "एकच फोटो" म्हणून दार उघडणार हे लिहून ठेव. तिथे अस्वलापेक्षा बायसनने जखमी केलेली माणसं जास्त आहेत. बायसनपासून २५ यार्ड, अस्वल-लांडग्यापासून १०० यार्ड लांब राहायचा नियमच आहे, विमानतळावरून येतानाच सांगून टाक. गरम झऱ्यांजवळ लाकडी वाटेवरून पाय खाली नाही म्हणजे नाही, वरचा थर पातळ असतो आणि खाली उकळतं पाणी.

ओल्ड फेथफुल हा गरम पाण्याचा फवारा साधारण दीड तासाने उडतो, अंदाजे वेळ तिथे लावलेली असते, त्यामुळे आधी जेवून घ्या आणि मग बाकावर जागा पकडा. पार्कमधल्या हेडन व्हॅलीला मात्र पहाटे जा, प्राणी तेव्हा जास्त दिसतात. कानटोपी हवी, जूनमध्येही.

आई थेपले-दशम्या आणेलच, आणू दे, व्हेजचे पर्याय मर्यादित आहेत. फक्त खाणं पिकनिक टेबलवर सोडून फिरायला जायचं नाही, अस्वलं येतात. नेटवर्क बऱ्याच ठिकाणी नाही, मॅप आधीच डाउनलोड कर. आणि टॉयलेट दिसलं की थांब, कोणी मागायची वाट बघू नकोस, आई शेवटपर्यंत बोलणार नाही.

हो, २०२६ पासून परदेशी पाहुण्यांना या पार्कांत जास्त फी आहे, तुझ्या पार्क-प्रवेशाच्या पासवर ते दोघं चालतात का हे पार्कच्या साइटवर बघून ठेव. पार्कमधल्या खोल्या लोक वर्षभर आधी घेतात, तुला पार्कबाहेरच्या वेस्ट येलोस्टोन गावातच मिळेल बहुतेक. तळमजला माग, बऱ्याच मोटेलांत लिफ्ट नसते. बुकिंग झालं की पाठव, एकदा नजर टाकतो.

काका